आप्त कोणाला म्हणावे?



आज दृष्टांत मोटारीचा आहे, हसू नका. कुंभाराच्या चाकावरून, माळ्याच्या मळ्यातून, सोनाराच्या मुशीतून आपल्या संतांनी परमार्थ उभा केला. मग गॅरेजातल्या जॅकखाली एखादा सिद्धांत पडलेला दिसला, तर तो उचलून घ्यायला हरकत नसावी.

प्रश्न असा आहे. ज्या विषयातले आपल्याला काहीच कळत नाही, त्या विषयात कोणाचा शब्द खरा मानावा? आपण रोज कोणाच्या ना कोणाच्या शब्दावर जगतो. वैद्य सांगतो ते औषध घेतो, सोनार सांगतो तो कस मानतो, दुकानदार सांगतो ते बियाणे पेरतो. खरे-खोटे ताडून पाहण्याइतके ज्ञान आपल्याजवळ असते, तर त्यांच्याकडे गेलोच नसतो. म्हणजे विश्वासाची गरज नेमकी तिथे असते, जिथे पारख करण्याची शक्ती नसते. ही गाठ कशी सोडवावी?

आपल्या शास्त्रकारांनी प्रमाणे सांगताना प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्याबरोबर शब्द हेही प्रमाण मानले. पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. इथे आप्त म्हणजे सोयरा नव्हे. ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनांनी तर स्पष्ट म्हटले आहे, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. तरुणपणी आळंदीला हे पाठ केले, पुढे शेकडो कीर्तनांत सांगितलेही. पण त्याचा अर्थ मला सत्तरी ओलांडल्यावर कळला, आणि तो एका मिस्त्रीने शिकवला.

माझ्याकडे २००४ सालची मारुती ओम्नी आहे. पखवाज, पेटी, टाळांची पेटी आणि चार-पाच माणसे घेऊन तिने फलटण ते पंढरपूर हा रस्ता किती वेळा तुडवला असेल, त्याचा हिशेब पांडुरंगच जाणे. आता आवाज थकला, गुडघे थकले, कीर्तन थांबले. पण वारी थांबवायची नाही म्हणून गाडी ठेवली आहे. पुतण्या चालवतो. गाडीचेही वय झाले. खड्ड्यात चाक गेले की खालून टकटक आवाज येऊ लागला.

प्रथम मी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गेलो. तिथेच का गेलो, ते प्रामाणिकपणे सांगतो. दारात विठ्ठल-रुक्मिणीची तसबीर होती, आणि मालकाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मी माळ पाहिली आणि पुढे पाहणे थांबवले. त्यांनी गाडी ठेवून घेतली. पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही बाजूचे लोअर आर्म आणि आणखी काही बदलले म्हणून साडेअकरा हजारांचे बिल दिले. जुने पार्ट मागितले तर म्हणाले, भंगारात गेले. गाडी बाहेर काढली, पहिल्याच गतिरोधकावर टकटक. परत गेलो तर उत्तर मिळाले, "महाराज, गाडी म्हातारी झाली, आवाज येणारच." मला ते पटलेही. वाटले, गाडी म्हातारी आणि कानही म्हातारे. पुढे आतून जे मन आंबले, ते वेगळेच. सगळेच मिस्त्री असले, असा निकाल मी मनाशी देऊन टाकला.

कार्तिकी जवळ आली. शेजारच्या गावात काळीपिवळी जीप चालवणारा एक ओळखीचा माणूस म्हणाला, "आमच्या गाड्या ज्याच्याकडं जातात, तिथं दाखवा." पत्र्याची शेड, तेलाने काळी झालेली जमीन, भिंतीवर कोणताच देव नाही. मिस्त्री चाळिशीचा असेल. त्याने "काय बदलायचं?" असे विचारले नाही. "आवाज कधी येतो? ब्रेक मारल्यावर, वळताना, की खड्ड्यात? माणसं बसल्यावर वाढतो का?" असे विचारले. मग स्वतः गाडीत बसून खराब रस्त्यावर एक चक्कर मारली. परत आल्यावर गाडीच्या एकेका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन सोडला. सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर शॉकअप ठीक, डोलत राहिली तर थकला, हे त्याने मला दाखवले. मग गाडी उचलून पहारीने एकेक बुश हलवून पाहिला.

"महाराज, आवाज पुढचा नाहीच. मागचा आहे. पत्र्यातून फिरून पुढं ऐकू येतोय."

ओम्नीला मागे पाटे असतात, बैलगाडीच्या जुवासारखे किंचित वाकलेले पोलादी पट्टे. गाडीचे वजन पाटे धरतात. शॉकअप नुसती उसळी आवरतात. त्याने तारेच्या ब्रशने एका पाट्यावरचा चिखल आणि गंज खरवडला, बॅटरी धरली आणि म्हणाला, "ही बघा चीर. हा मुख्य पाटा आहे. हा नुसतं वजन धरत नाही, मागचा एक्सल जागेवर धरतो. हा गेला तर गाडी सरळ राहायची नाही. पाटा मागवायला दोन दिवस लागतील. तोवर माणसं बसवू नका. यंदा वारीला एसटीनं जा."

मी वाकून पाहिले. केसासारखी एक रेघ होती. मला ती ओरखड्यासारखी वाटली. त्याने तपासण्याचे दोनशे रुपये सांगितले. काहीही न बदलता दोनशे! मनात म्हटले, याने तर नुसत्या रेघेचेच पैसे घेतले. पाट्याचे किती घेईल? पैसे दिले, गाडी घेतली आणि घरी आलो.

दशमीला सकाळी त्याच गाडीतून निघालो. पुतण्या, मी, तीन टाळकरी आणि आमचे विणेकरी, मांडीवर वीणा घेऊन. मिस्त्री काय म्हणाला, ते मी कोणालाच सांगितले नव्हते. वेळापूरच्या अलीकडे एका गतिरोधकावर मागून फटाका फुटावा तसा आवाज झाला. गाडी एका अंगावर बसली आणि समोरच्या बाजूला ओढली गेली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. गतिरोधकामुळे वेग अगदी कमी होता, पुतण्याने गाडी सावरली, ट्रॅक्टरवाल्यानेही वेळीच थांबवली. कोणाला खरचटले नाही. खाली उतरल्यावर विणेकऱ्यांनी आधी वीणा पाहिली, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "महाराज, मिस्त्री काय म्हणाला होता?"

माउली, पन्नास वर्षे लोकांसमोर बोललो, पण त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

पुढे एका दिंडीच्या टेम्पोतून आम्ही पंढरीला पोचलो. चार दिवसांनी गाडी ओढून त्याच मिस्त्रीकडे नेली. त्याने तुटलेला पाटा काढला आणि तुटलेली बाजू माझ्यापुढे धरली. अर्धा भाग काळपट गंजलेला, अर्धा चकचकीत. "काळा भाग जुनी चीर. पाणी जाऊन गंजलाय. पांढरा भाग दशमीला तुटला," तो म्हणाला. लोखंडानेच साक्ष दिली होती. मी हात जोडले. तो ओशाळला. "तुमचं काय चुकलं महाराज? आधी कुणीतरी फसवलं असंल."

मला वाटले, हा माणूस माझेही मन तोडलेल्या पाट्यासारखे वाचतो आहे. माझ्या संशयाचाही एक भाग जुना, गंजलेला होता; तो पहिल्या गॅरेजाचा. पण दशमीच्या सकाळचा चकचकीत भाग मात्र माझा स्वतःचा होता. एकाने फसवले याची शिक्षा मी दुसऱ्याला दिली, आणि तिचा धोका तिसऱ्यांच्या जिवावर टाकला.

इथे मला गोरोबाकाकांची गोष्ट आठवली. तुम्हालाही ती पाठ आहे. तेरला संतमेळा जमला होता. मुक्ताईने गोरोबांचे थापटणे पाहिले आणि विचारले, याने कच्चे-पक्के मडके कळते का? मग काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सगळे शांत बसले. नामदेवराय मात्र रागावले, आणि काकांनी सांगितले की हे मडके कच्चे आहे. नामदेवराय दुखावले, पण पुढे त्यांनी तो शब्द मानला आणि औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. ही गोष्ट मी अनेकदा रंगवून सांगितली. लोक हसत, मीही हसे. पण मिस्त्रीच्या शेडमध्ये माझ्यावर थापटणे पडले, तेव्हा मीही रागावलो. एवढाच फरक, की नामदेवराय औंढ्याला गेले, आणि मी त्याच गाडीत बसलो.

या गोष्टीत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, संतांनी आंधळा विश्वास शिकवला नाही. थापटणे मारून पाहणे हा अविश्वास नव्हे, ती पारख आहे. दुसरी, आपल्याला न आवडणारी गोष्ट जो सांगतो, त्याच्या शब्दाला जरा अधिक वजन द्यावे. विशेषतः ते सांगून त्याचाच तोटा होत असेल तर. मिस्त्रीने मला "एसटीनं जा" म्हटले, त्यात त्याला काय मिळणार होते? पहिल्या गॅरेजाच्या प्रत्येक शब्दामागे एकेक पार्ट होता. हा फरक माझ्या डोळ्यांसमोर होता. मोटारीचे ज्ञान नसले तरी एवढे पाहण्याइतके ज्ञान मला होते.

तुमच्यापैकी पुष्कळांकडे जुनी गाडी असेल. कोणाचा मुलगा वडिलांची गाडी सांभाळत असेल, कोणी दिंडीसाठी जुना टेम्पो घेतला असेल. म्हणून माझ्या ठेचेतून मिळालेले शहाणपण सांगतो. ज्यांचे पोट गाडीवर आहे त्यांना विचारावे: जीपवाले, शाळेची मुले नेणारे, दूधवाले. त्यांना दिवसभर गाडी उभी ठेवणे परवडत नाही, म्हणून त्यांचा मिस्त्री पारखलेला असतो. मिस्त्रीला रोग सांगावा, औषध सांगू नये. "शॉकअप बदला" म्हटले तर तो बदलून देईल, आणि दोष त्याचा राहणार नाही. "डाव्या बाजूला, खड्ड्यात, माणसे बसल्यावर आवाज येतो" असे सांगावे. बदलण्यापूर्वी बिघाड दाखवायला सांगावे, आणि दुसऱ्या बाजूचा चांगला भागही दाखवायला सांगावा. दोन्ही हलवून पाहिले की अडाण्यालाही फरक कळतो. रबराचे बुश वापर कमी असला तरी वयाने कडक होतात, हे खरे. पण म्हणून सगळेच आज बदलावे लागतात असे नव्हे. "यातले काय थांबू शकते?" असे जरूर विचारावे. खरा मिस्त्री तीन गोष्टी वेगळ्या करून सांगतो: हे आजच, हे पावसाळ्यापूर्वी, आणि हे सोडून द्या. जुना पार्ट मागून घ्यावा, आणि मागणार आहोत हे आधीच सांगावे. पहिल्यांदा लहान काम द्यावे. शॉकअप बदलायचे झाले तर एका बाजूचा एकटा बदलत नाहीत, जोडी बदलतात, ही फसवणूक नव्हे. पुढचे काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करायला सांगितले तर तेही योग्यच.

पण माउली, ही झाली ग्राहकाची सावधगिरी. तिच्याखाली एक अवघड गोष्ट आहे, ती अशी. मला दोनशे रुपये टोचले, साडेअकरा हजार टोचले नाहीत. कारण साडेअकरा हजारांत वस्तू मिळाल्या होत्या, दोनशे रुपयांत नुसते सत्य मिळाले होते. आपण पार्टचे पैसे आनंदाने देतो आणि तपासणीचे देताना कुरकुरतो. मग मिस्त्री काय शिकणार? खरे सांगितले तर उपाशी राहायचे, आणि वस्तू बदलली तर पोट भरायचे, हा धडा त्याला आपणच देतो. सत्याला किंमत द्यायची नाही, आणि सत्य मिळत नाही म्हणून रडायचे, हे कसे चालेल? विश्वासू मिस्त्री शोधायचा असेल, तर विश्वासू गिऱ्हाईक होण्यापासून सुरुवात करावी लागते.

आता जे सांगायचे ठेवून दिले होते, ते सांगतो. नाहीतर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात माझे कीर्तन झाले. रंग भरला होता. भरात मी एक वाक्य बोलून गेलो आणि "असे माउली ज्ञानेश्वरीत म्हणतात" असे जोडून दिले. ते वाक्य ज्ञानेश्वरीत आहे की नाही, मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारी बाई आली. फडक्यात बांधलेली पोथी घेऊन. म्हणाली, "महाराज, काल तुम्ही सांगितलं ते कितव्या अध्यायात आहे? मला रोज वाचायचंय." भोवती माणसे बसली होती. "बाई, ते मला आठवत नाही, चुकून बोललो असेन," एवढे म्हणायचे होते. मी म्हणालो, "तेराव्यात आहे, बघा." तेरावा अध्याय हजारावर ओव्यांचा आहे. तिने नमस्कार केला आणि ती गेली.

तिने तो अध्याय कितीदा वाचला असेल? आणि ओवी सापडली नाही, तेव्हा तिने कोणाला दोष दिला असेल? मला नक्कीच नाही. तिने आपल्या डोळ्यांना दिला असेल, आपल्या बुद्धीला दिला असेल. जसा मी गाडीच्या आवाजाचा दोष माझ्या कानांना दिला.

नसलेला बिघाड दाखवणे आणि नसलेला आधार दाखवणे, यात काय अंतर आहे? दोन्ही ठिकाणी समोरचा मनुष्य आपल्या अज्ञानाची ओंजळ पुढे करून उभा असतो. त्या ओंजळीत काय घालावे, हे पूर्णपणे आपल्या हातात असते. माळ माझ्याही गळ्यात होती. बाईनेही माझी माळ पाहिली आणि पुढे पाहणे थांबवले. माळ खोटी नव्हती, मी खोटा पडलो. माळ ही इतरांना द्यायची हमी नव्हे. आपल्या गळ्याला दिलेली आठवण आहे, की हा गळा आता काहीही बोलायला मोकळा नाही.

पाटा बदलताना मी शेडमध्ये बसून होतो. नवा पाटा बसला, बुश नवे घातले, बोल्ट लावले. मला वाटले काम झाले. पण मिस्त्रीने बोल्ट पूर्ण आवळले नाहीत. गाडी खाली उतरवली, चाकांवर तिचे वजन येऊ दिले, दोनदा दाबून हलवली, आणि मग खाली आडवा होऊन पान्ह्याने शेवटचा आवळा दिला. मी विचारले, वर असतानाच का नाही आवळले? तेव्हा तर सोपे होते. तो म्हणाला, "गाडी वर असताना पाटा लोंबतो. तेव्हा आवळलं तर खाली आल्यावर बुशचं रबर पिळलेलं राहतं, आणि लवकर फाटतं."

"आणि तसे केले असते, तर मला कळले असते का?"

तो हसला. "तुम्ही इथं बसून बघताय महाराज, तरी कुठं कळलं?"

तेव्हा मला आप्त या शब्दाचा अर्थ कळला. ज्याला वस्तूचे ज्ञान आहे, आणि समोरच्याला ते नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तरीही जो खाली आडवा होऊन शेवटचा आवळा देतो, तो आप्त. जिथे पकडले जाण्याची भीती नाही, तिथेच कोण किती खरा, ते ठरते. आपण म्हणतो की पांडुरंग सर्व पाहतो. त्या शेडच्या भिंतीवर त्याची तसबीर नव्हती, पण तो पाहतो आहे असे समजून काम मात्र तिथेच चालले होते.

त्या बाईचे गाव मला ठाऊक आहे, पण एवढ्या वर्षांनी ती असेल असे वाटत नाही. तरी यंदा माघी झाली की त्या गावी जाऊन येणार आहे. ती नसेल तर तिच्या घरचे कोणी असेल. ती पोथी त्यांच्याकडे असेल, तर एवढेच सांगायचे आहे, की दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता.

गाडीचा आवाज आता थांबला आहे.

राम कृष्ण हरी.